सूत विकलं ते वर्ष

मी अर्थशास्त्र शिकवतो. पवनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीला, गेली वीसेक वर्षं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही मी केलं ते अडाणीपणाने केलं असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. अडाणी माणसाने ते केलंच नसतं.

आम्ही कोष्टी. वडील गेल्यावर घराच्या मधोमध भिंत घातली. भांडण वगैरे काही नव्हतं, बायकांना आपापली चूल हवी होती एवढंच. उजवीकडे मी आणि माझी बायको, डावीकडे दादा आणि वहिनी. दादाच्या पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग. खड्ड्यात पाय सोडून दादा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, पातळं विणायचा, करवती काठाची. त्या काठाला तीन धोटे लागतात आणि एकट्याने ते होत नाही, म्हणून पलीकडच्या बाजूला वहिनी बसायची. बोलणं फार नाही. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तीस वर्षांचा संसार त्या दोघांनी तसाच केला.

आडवा धागा, म्हणजे बाणा, आमच्याच भागातल्या कोशाचा. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर किडे पाळणारे लोक कोसा आणून द्यायचे. पण उभा धागा, ताणा, त्याचं रेशीम चीनहून यायचं. जहाजाने, मग ट्रकने, मग नागपूरच्या सूतवाल्याच्या दुकानातून पवनीला. पुस्तकात मी ज्याला जागतिक व्यापार म्हणून शिकवतो, तो माझ्याच घरात भिंतीपलीकडे चालू होता आणि त्याच्याकडे बघायची मला कधी गरज वाटली नव्हती.

आमच्या घरात एक रीत आहे. पातळ पूर्ण झालं, कापून घेतलं, तरी माग पूर्ण मोकळा करायचा नाही. मागाच्या फणीतून ओवलेला हातभर ताणा तसाच ठेवायचा. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला, शेवाला, सांधायचा. दादा आणि वहिनी दोन-दोन दिवस समोरासमोर बसून सांधत. सोयीचं काम आहे ते. फणी नव्याने ओवायची म्हणजे फार मेहनत. पण दादा सोयीचं बोलायचा नाही. तो म्हणायचा, "माग उपाशी नाई ठेवाचा." वडिलांनी सोडलेल्या शेवाला दादाने आपला पहिला ताणा सांधला होता. वडिलांनी त्यांच्या वडिलांच्या. मला सांधता येत नाही. दादाने शिकू दिलं नाही. एक जण मागावर बसला तेवढं पुरे, तू शीक, म्हणाला. माझी नागपूरची एम.ए.ची फी, खोलीचं भाडं, खानावळ, सगळं त्या खड्ड्यातून निघालं.

मार्चात टाळेबंदी लागली. लग्नसराई तोंडावर होती, दादाने माघातच सूत भरून ठेवलं होतं. पेटीभर. मागावर चार पातळांचा नवा ताणा नुकताच चढवलेला. आणि लग्नंच बंद झाली. तयार पातळं ट्रंकेत जाऊन बसली. नवरी नाही, वरात नाही, पातळ कोण घेतो? दादा रोज सकाळी हात धुऊन खड्ड्यात उतरत होता आणि गिऱ्हाइकाचं नाव नसताना विणत होता. मी ओट्यावर बसून मोबाइलवर जगाचे बाजार कोसळताना बघत होतो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. आयुष्यभर मंदी शिकवली, पण फळ्यावर. आता ती खरोखरीची आली होती, आणि माझ्या ओळखीची होती. शेजारपाजारचे लोक विचारायचे, "सर, आता काय होईन?" आणि मी मान हलवून अशा काही गोष्टी सांगायचो की ते घाबरून घरी जात.

एप्रिलात नागपूरच्या सूतवाल्याचा फोन आला. दादा मोबाइल वापरत नाही, म्हणून नंबर माझाच.

"सर, चीन बंद है. माल खतम. तुमच्या दादाकडे जेवढं सूत आहे तेवढं द्या. भाव तुम्ही म्हणाल तो."

त्याने जो भाव सांगितला तो ऐकून मी ओट्यावरून उठलो आणि दादाकडे गेलो. मला तो उठण्याचा क्षण अजून आठवतो. दुपार होती, वहिनी धोट्यात कांडी भरत होती, आणि मी जणू काही गुप्तधन सापडल्यासारखा दारात उभा.

दादा म्हणाला, "बाबू, हे सूत इकाले नाई आणलं. इणाले आणलं."

"दादा, समजून घे. साऱ्या जगात भाव खाली जाऊन राहिले. सुताचाच एकटा वर आहे, कारण माल नाई. दोन-तीन महिन्यांत चीन उघडते, माल येते, भाव पडते. तवा तेवढंच सूत आपण कमी पैशात आणू. मधातला फायदा तुहा."

"अन् नाई पडला तं?"

"पडतेच. पुस्तकात आहे."

असं मी बोललो. पुस्तकात आहे.

वहिनीने कांडी बाजूला ठेवली. "अन् तवापर्यंत आमी बसून माशा माराव का?"

"मागावर चार पातळांचा ताणा आहे ना, वहिनी. तो संपेपर्यंत सूत येते."

दादाने सुताच्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाला, "तू शिकलेला आहेस. तू म्हणतं तं ठीकच असन." हे वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दादाला टोमणे मारता येत नाहीत.

गाड्या बंद होत्या. सूतवाल्याची गाडी किराणा मालाच्या नावाखाली शहापूरपर्यंत येणार होती, हायवेवर. तिथपर्यंत सूत मी पोचवायचं. आम्हा शिक्षकांना सर्वेक्षणाची ड्युटी लागली होती, घरोघरी जाऊन कुणाला ताप आहे का विचारायचं, त्यासाठी पास मिळाला होता. तो पास छातीवर लटकवून, मोटरसायकलला सुताची दोन गाठोडी बांधून मी निघालो. नाक्यावरच्या पोलिसाने पास बघितला, गाठोड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "जा सर." सर म्हटलं की आपल्याकडे फार विचारत नाहीत.

शहापूरला हायवेच्या कडेला झाडाखाली मी थांबलो. रस्त्याने माणसं चालत होती. नागपूरकडून येत होती आणि पूर्वेकडे जात होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायात काय आहे ते बघवत नव्हतं. थांबत नव्हती, बोलत नव्हती. एक बाई माझ्याजवळ आली. तिच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. तिने विचारलं, "भैया, रायपूर कितना दूर है?"

मी तिला आकडा सांगितला. बरोबर सांगितला. माझ्या डिकीत पाण्याची भरलेली बाटली होती आणि मी तिला किलोमीटर सांगितले. ती "अच्छा" म्हणाली आणि पुढे गेली. ती गेल्यावर मला बाटली आठवली असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. बाटली तेव्हाच आठवली होती. पण उन्हात मला परत जायचं होतं.

गाडी आली. सूतवाल्याने गाठोडी उघडून लडी चोळून पाहिल्या, गाठोड्यांवर सॅनिटायझर मारलं, नोटांवर मारलं, स्वतःच्या हातावर मारलं. माझ्याही हातावर मारलं. "सर, असं गिऱ्हाईक मला पाहिजे," म्हणाला, "तुमाले मार्केट समजते." चालणारी माणसं त्याच्या गाडीला वळसा घालून जात होती. मी त्या शाबासकीने फुलून गेलो.

दादाने घरखर्चापुरते थोडे पैसे ठेवले. बाकीचे मलाच परत दिले. "सुताचे पैसे आहेत. तुह्याच जवळ ठेव. माह्याजवळ राहिले तं खाण्यात जाईन."

आता बाजाराकडे येतो. आमच्या स्टाफरूममध्ये गणिताचे एक सर होते. ते आधीपासूनच शेअरमध्ये होते. त्यांचा फोन आला. "सर, असा बाजार जन्मात एकदा भेटते. सगळं मातीमोल झालं आहे. आता नाही घेतलं तर कधी?" खातं मोबाइलवर एका दिवसात उघडलं. एवढ्या लवकर आमच्याकडे रेशनकार्डावर नावही चढत नाही. दादाचे सुताचे पैसे मी त्यात घातले. तसाही सुताचा भाव पडेपर्यंत पैसा पडूनच राहणार, मग त्याने दोन पावलं चालावं, असा माझा विचार. दादाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? त्याला समजलं नसतं.

आणि बाजार वर गेला. हेच तर मला सांगायचं आहे. मी बुडालो असतो तर हा लेख लिहिला नसता. बुडालेल्या माणसाची लोकांना दया येते, त्याची चार शहाणी वाक्यं होतात. मी बुडालो नाही. कारखाने बंद, दुकानं बंद, रेल्वे बंद, आणि बाजार हिरवा. रोज हिरवा. टीव्हीवर टाय लावलेला एक माणूस सांगायचा की बाजार पुढचं बघतो, आजचं नाही. दुसरा म्हणायचा, संकटातच संधी असते. त्यांच्या खालच्या पट्टीत मेलेल्यांचा आकडा सरकत जायचा आणि वरच्या पट्टीत शेअरचा. दोन्ही वाढत होते. जेवताना मी ते बघायचो. बायको म्हणायची, "बंद करा ते, घास उतरत नाई." मला उतरत होता. पुढची पोळी मागत होतो.

मला तेव्हा शिसारी यायला हवी होती. ती नंतर आली, उशिरा, आणि आता जात नाही. बाजाराचं मला फारसं आश्चर्य नाही. बाजाराला नाक-डोळे नसतात, तो बाजार आहे. मला किळस त्या मास्तराची येते, जो वीस वर्षं पोरांना सांगत होता की अर्थशास्त्र हे माणसांच्या गरजांचं शास्त्र आहे.

जूनपासून मोबाइलवर तास सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, तो खटखट आवाज कायचा येऊन राहिला?"

मागाचा आवाज. भिंत एक विटेची. मी मोबाइल बंद करून दादाकडे गेलो.

"दादा, माहा तास आहे. पाऊण तास थांबतं का?"

"हो ना," दादा म्हणाला. त्याने धोटा मांडीवर ठेवला. "मले काय, मी थांबतो. तू शिकव."

मी परत येऊन पोरांना उत्पादनाचे घटक शिकवले. भूमी, श्रम, भांडवल, संयोजन. एकेक घटक, एकेक उदाहरण. भिंतीपलीकडे दादा माझा तास संपायची वाट बघत बसला होता. मग हे रोजचंच झालं. माझे दिवसाला तीन तास, दादाचा तीनदा खोळंबा. विणकराचा माग थांबवून कुणी पोरांना उत्पादन शिकवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण मी ते करत होतो आणि मला त्यात विनोदसुद्धा दिसला नाही.

पावसाळा गेला. सुताचा भाव पडला नाही. चीन उघडला, पण जहाजांचं भाडं वाढलं, माल कमी आला, भाव आणखी वर गेला. पुस्तकात असं नव्हतं, किंवा असेल, मी त्या पानापर्यंत गेलो नव्हतो. पोळ्याच्या सुमारास दादाने पहिल्यांदा विचारलं.

"बाबू, सूत?"

"भाव अजून वरतंच आहे, दादा. थोडं थांब."

तो थांबला. मला वाटत होतं दादा आता म्हातारा व्हायला लागला. आधी आठ-दहा दिवसांत एक पातळ उतरायचं. आता दोन-अडीच महिने लागत होते. सकाळी थोडा वेळ खटखट, मग शांत. एक दिवस मी वहिनीला विचारलं, दादाची तब्येत बरी आहे ना? वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तब्येतीले काय धाड भरली? सूत पुरवून राहिले ते. रोज चार बोटं इणते अन् उठते. ताणा संपला अन् तुमचं सूत नाई आलं तं माग उपाशी राहीन ना."

चार बोटं. ज्या माणसाच्या हाताला दिवसभर थांबणं माहीत नव्हतं, तो रोज चार बोटं विणून हात आवरत होता, कारण धाकट्या भावाने शब्द दिला होता. मला तिथेच घरात जाऊन मोबाइल उघडायला हवा होता. उघडलाही. पण कशाला, तर दादाचे पैसे किती झाले ते बघायला. जवळजवळ दुप्पट झाले होते.

हा हिशेब मी त्या दिवशी केला होता, म्हणून लिहितो. ते पैसे तेव्हा काढले असते तर चढ्या भावातही दादाचं सगळं सूत परत आलं असतं आणि वर उरलं असतं. दादाला दिलेला शब्दही पाळला गेला असता. मी नाही काढले. गणिताचे सर म्हणत, चढत्या बाजारातून जो उतरतो तो मूर्ख. आणि मला मूर्ख व्हायचं नव्हतं. माणसाला चोर व्हायला चालतं, नालायक व्हायला चालतं, पण मूर्ख म्हणवून घ्यायला चालत नाही.

दिवाळीत दादाने पुन्हा विचारलं. त्याची दोन पातळं पडत्या भावात गेली होती. पन्नास माणसांच्या लग्नात नवरीला भारी पातळ नेसवून दाखवायचं कुणाला? तो माझ्या ओट्याशी आला, आत आला नाही. पायरीवर बसला.

"बाबू, दीड पातळाचा ताणा राहिला. आणतं ना रे सूत?"

"आणतो ना. संक्रांतीपर्यंत भाव उतरन असं वाटते."

"वाटते का," तो म्हणाला. मग तिथेच बसून राहिला. बायकोने करंजी दिली, ती त्याने हातात धरून ठेवली. माझी बायको आत येऊन दबक्या आवाजात मला म्हणाली, "तुमी दादाले सांगून तरी टाका पैसे कुठं आहेत ते." मी तिला म्हटलं, तू यात पडू नको. हे शब्द आमच्या घरात याआधी कुणी वापरले नव्हते.

संक्रांत गेली. शिवरात्र गेली. होळीच्या आधी एक दिवस माझ्या लक्षात आलं की सकाळचा तास घेण्याआधी दादाकडे जाऊन सांगायची मला गरज पडली नाही. माग बंदच होता. ताणा संपला होता. शेवटचं पातळ कापून, फणीत हातभर शेव सोडून दादा खड्ड्यातून वर आला होता. मी डोकावून पाहिलं तेव्हा तो रिकाम्या मागाजवळ स्टुलावर बसला होता आणि वहिनी त्या शेवावर जुनं धोतर पांघरत होती, धूळ बसू नये म्हणून, उंदराने कुरतडू नये म्हणून. खळ लावलेल्या धाग्यावर उंदीर फार येतो. दादा रोज सकाळी ते धोतर उचलून बघायचा. हात फिरवायचा. पुन्हा झाकायचा.

मला मात्र तास घ्यायला आता काही अडथळा नव्हता.

मग दुसरी लाट आली. ती सगळ्यांनी पाहिली आहे, तिचं वर्णन करण्याची माझी लायकी नाही. आमचे गणिताचे सर आठ दिवसांत गेले. सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर बातमी आली आणि एकापाठोपाठ हात जोडलेली चित्रं यायला लागली. मीही एक टाकलं. हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि त्याच बोटाने बाजार उघडला. ते करताना माझ्या मनात जो विचार आला तो असा होता: आता कधी विकायचं ते मला कोण सांगणार?

तो विचार मी पूर्ण केला. म्हणजे मध्येच दचकून थांबलो वगैरे नाही. नीट, शेवटपर्यंत केला, आणि मग तो काय आहे ते मला दिसलं. मी उठून मोरीत गेलो आणि ओकलो. बायको घाबरली, तिला वाटलं आलाच घरात. मी तिला म्हटलं, नाही, तसलं काही नाही. ताप बघ, नाही. तिने तरी मला चार दिवस वेगळं ताट दिलं.

त्या दिवशी मी सगळं विकलं. चांगुलपणा सुचला म्हणून नाही. सांगणारा राहिला नाही म्हणून. बाजार तेव्हाही वरच होता. नागपूरची दुकानं उघडायला जूनचा मिरुग उजाडला. उघडल्याबरोबर मी गेलो, त्याच सूतवाल्याकडे. भाव आभाळाला भिडलेला, तरी दादाने विकलं होतं त्यापेक्षा जास्त सूत घेतलं. शिवाय पैसे उरले. सूतवाला म्हणाला, "सर, योग्य वेळी घेतलं. अजून चढणार आहे." मी पैसे मोजून त्याच्यापुढे ठेवले. याच्या तोंडात मारावी असं वाटत होतं आणि ती नेमकी कशासाठी मारायची ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गाठोडी घेऊन मी दादाच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. वहिनी चुलीजवळ डबा भरत होती. दादाने धुतलेला शर्ट घातला होता, आणि उंबऱ्याजवळ त्याची वळकटी बांधून ठेवलेली होती. सतरंजी, चादर, उशी. ती वळकटी रेशमाने बांधली होती. हातभर लांबीच्या धाग्यांच्या जुड्या एकमेकींना गाठी मारून केलेला पिवळट, मऊ दोर. मी मागाकडे बघितलं. फणी मोकळी होती. धोतर घडी करून बाजूला ठेवलं होतं.

"कुठं चाललास, दादा?"

"तुमसरले. राइस मिलमधी काम भेटलं. पोत्याचे तोंडं शिवाचे. तठीच राहाले खोली देते." त्याने हाताने दाभण धरल्यासारखं करून दाखवलं. "माहा हात सुताचाच ना. जमन."

करवती काठ विणणारा हात. सुतळीने पोती शिवणार. मी गाठोडी खाली ठेवली. घाईघाईत सगळं बोलून टाकलं: पैसे बाजारात घातले होते, वाढले होते, काढायला पाहिजे होते, काढले नाहीत, तुला सांगितलं नाही, हे बघ, सूत आणलं, जास्तच आणलं, आणि वरचे पैसे हे घे. वहिनीने डब्याचं झाकण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं.

"शेव कवा कापला?" मी विचारलं.

"काल. जिवावर आलं. पण उंदीर लागून राहिले होते, खालून अर्धे धागे गेले. तसाबी पडून पडून कुजलाच असता. वळकटीले दोरी नवती घरात." तो असं म्हणाला जणू खरंच दोरीचाच प्रश्न होता.

"आता सूत आलं ना, दादा. फणी नव्याने ओवू. मी बसतो, मले शिकव."

तो हसला. वाईट हसला नाही. खाली वाकला, गाठोड्याची गाठ सोडली, एक लड काढली. दोन बोटांत चोळली, उजेडात धरली, नाकाजवळ नेऊन वास घेतला. एवढ्या महिन्यांनी त्याच्या हातात सूत आलं होतं आणि त्याची बोटं मला बघवत नव्हती.

"चांगलं आहे," तो म्हणाला. लड परत जागेवर ठेवली, गाठ मारली, गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "भाव अजून वर जाईन म्हणतेत ना? इकून टाक."

पैशातले त्याने सुरुवातीच्या सुताचे होते तेवढेच घेतले आणि वहिनीकडे दिले. वळकटी खांद्यावर टाकली. वहिनी त्याला पोचवायला वेशीपर्यंत गेली. मी दारात उभा राहिलो, मग गाठोडी उचलून भिंतीच्या माझ्या बाजूला आणली.

महिनाभर ती माझ्या खाटेखाली होती. मग एक दिवस सूतवाल्याचा फोन आला, आणि मी ते सूत विकलं. त्यातही मला फायदाच झाला.